पुढचीचा वारा, मागचीचा वारा : डेन्मार्कच्या पवनचक्क्यांमागे

भाची डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठात, म्हणजे डीटीयूमध्ये, पवनऊर्जा शिकते. समुद्रात ओळीने उभ्या केलेल्या चक्क्या एकमेकींना सांभाळून कशा चालवायच्या, हा तिच्या प्रबंधाचा विषय. मी नोकरीभर पॉलिटेक्निकच्या पोरांना कंट्रोल सिस्टिम शिकवलं, त्यामुळे फोनवर आमच्या गप्पा हमखास तिकडेच वळायच्या. शेवटी ती म्हणाली, "मावशी, तू ये इकडे. जलपरीचा पुतळा नको असेल तर नको, तुला चक्क्याच दाखवते." विमान, व्हिसा, तिकिटं हे सगळं सुरळीत पार पडलं, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

सोमवार : रिसो

कोपनहेगनहून रॉस्किल्डला ट्रेनने अर्धा तासही लागत नाही. तिथून फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या, काठाने वर गेलं की रिसो येतं. पाण्यात घुसलेली जमिनीची एक जीभ, गवत, मेंढरं आणि मधेच प्रयोगशाळा. ही जागा मुळात अणुसंशोधनासाठी उभारलेली. नील्स बोर यांच्या पुढाकाराने 1958 मध्ये सुरू झाली. पुढे 1978 मध्ये याच आवारात छोट्या पवनचक्क्यांची चाचणी करणारा एक चिमुकला विभाग निघाला आणि 1985 मध्ये डॅनिश संसदेने अणुवीज नकोच असं ठरवलं. पाहुणा म्हणून आलेला विभाग घरमालक झाला, असं भाची हसत सांगत होती.

त्या छोट्या विभागाच्या हातात एक मोठी गोष्ट होती. 1979 पासून चक्की घेणाऱ्याला सरकार खर्चाच्या तीस टक्के अनुदान द्यायचं, पण रिसोने पास केलेल्या चक्कीलाच. आणि रिसोची अट अशी की ब्रेक दोन हवेत, एकमेकांवर अवलंबून नसलेले, आणि काहीही बिघडलं तरी आपोआप लागणारे. वादळात पाती सुटून उडालेली लोकांनी पाहिली होती, म्हणून ही अट. कुठल्याही मशीनमध्ये आधी 'थांबायचं कसं' हे ठरवा, मग 'चालायचं कसं', असं मी वर्गात कानीकपाळी ओरडायचे. इथे देशाच्या अनुदानाच्या नियमातच ते बसवलेलं बघून बरं वाटलं.

आम्हाला विद्यार्थ्यांच्या एका गटाबरोबर आत जायला मिळालं. आधी पॉल ला कूर (त्यांची गोष्ट मंगळवारी) यांच्या नावाचा वायुबोगदा, म्हणजे पंख्याने वारा सोडून पाती तपासायची बंद खोली, 2018 मध्ये सुरू झालेला. चाचणीची जागा तीन मीटर बाय दोन मीटर, आणि वारा सेकंदाला 105 मीटरपर्यंत, म्हणजे ताशी 378 किलोमीटर. आम्ही गेलो तेव्हा पंखा बंद होता, त्यामुळे पात्याचा तुकडा अगदी नाकाजवळून बघता आला. पूर्ण पातं नव्हे, त्याचा एक काप. वरून गुळगुळीत, पण तिरका उजेड पडला की सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रांची रांग दिसते. प्रत्येक छिद्रामागे एक नळी, प्रत्येक नळीच्या टोकाला दाब मोजणारं यंत्र. वारा कापाच्या पाठीवरून कुठे सुटतो ते या रांगेवरून कळतं. बाजूच्या भिंती केव्हलार या चिवट धाग्याच्या ताणलेल्या कापडाच्याही लावता येतात. वारा आतच राहतो आणि आवाज मात्र बाहेर जातो, मग बाहेर माइक लावून पात्याची कुजबुज ऐकायची.

शेजारच्या शेडमधला प्रकार मला जास्त आवडला. पात्याचं बूड काँक्रीटच्या ठोकळ्याला बोल्ट करून ठेवलेलं आणि बाकीचं पातं हवेत आडवं. त्याला त्याच्याच लयीत झोका देत ठेवायचं, दिवसरात्र, महिनोन्‌महिने, लाखो वेळा. टोक खाली जातं, वर येतं, आणि चिकटपट्टीने लावलेल्या शेकडो तारा त्याच्याबरोबर डुलतात. मी दहा मिनिटं तिथून हलले नाही. गटातला एक मुलगा भाचीला म्हणाला, तुझ्या मावशीला इथेच राहू दे.

जेवणाला कँटीनमध्ये राईच्या काळ्या पावावर उकडलेल्या बटाट्याचे काप, वर मेयोनीज आणि कुरकुरीत कांदा. शाकाहारी माणसाने 'कार्टोफलमॅड' हे नाव पाठ करून ठेवावं, जवळपास सगळीकडे उपयोगी पडतं. एक आणखी : रिसोत सहज फिरत जाता येत नाही. ओळखीचं कोणी विद्यार्थी किंवा प्राध्यापक असेल तर आधी परवानगी काढून जा.

संध्याकाळी परतताना ट्रेनमध्ये भाचीने लॅपटॉप उघडला. 'पायवेक' नावाची एक प्रणाली डीटीयूने बनवून कोणालाही वापरायला मोकळी ठेवलेली आहे. त्यात चक्क्यांच्या जागा आणि वाऱ्याची दिशा भरली की चक्कीमागे वारा किती मंदावतो, किती घुसळतो ते दिसतं. चक्कीमागच्या या दमलेल्या वाऱ्याला वेक म्हणतात. त्याचा सगळ्यात साधा हिशेब रिसोमधल्याच नील्स ओटो येन्सन यांनी 1983 मध्ये एका छोट्या टिपणात मांडला. वेक मागे जाताना सरळ रेषेत रुंदावत जातो असं धरायचं, एवढंच. इतका भाबडा की मला वाटलं आता कोणी वापरत नसेल. भाची म्हणाली, पहिला अंदाज घ्यायला सगळे अजून त्याच्याकडेच जातात.

मग आम्ही तो कागदावर करून पाहिला. चक्क्या एकमेकींपासून पात्यांच्या वर्तुळाच्या सातपट अंतरावर, वारा नेमका ओळीतून येणारा, समुद्रावरचे नेहमीचे आकडे. मागच्या चक्कीला वारा साधारण 19 टक्के कमी मिळतो. ऐकायला फार नाही. पण वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात, त्यामुळे तिची वीज येते निम्म्याच्या जरा वर. तेवढ्यात समोरच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही शांतता डब्यात बसलो होतो. डॅनिश गाड्यांत असा वेगळा भाग असतो आणि तिथे खरंच कोणी बोलत नाही.

मंगळवार : आस्को

सकाळी ट्रेनने कोल्डिंग, तिथून भाड्याची गाडी. आस्को हे वायेन गावाला लागून असलेलं खेडं. इथल्या लोकशाळेत, म्हणजे खेड्यातल्या तरुणांच्या निवासी शाळेत, पॉल ला कूर शिकवायचे. मूळचे हवामानतज्ज्ञ, टेलिग्राफमध्येही डोकं चालवलेलं. 1891 मध्ये त्यांनी सरकारी मदतीने इथे पहिली प्रयोगचक्की उभारली. हेतू सरळ होता, शहरात वीज आली तशी खेड्यातही यावी.

संग्रहालय ठरलेल्या वेळांनाच उघडं असतं, तेव्हा आधी विचारूनच जा. आम्हाला दाखवायला एक आजोबा आले. इंग्रजी बेताचं, पण हातवारे भरपूर. त्यांनी 'क्राटोस्टाट'चा चालता नमुना फिरवून दाखवला. वाऱ्याच्या झोताबरोबर चक्कीचा वेग कमीजास्त होणार आणि डायनामोला तर एकसारखा ओढ हवा. मधे कप्प्या, पट्टा आणि वजनं अशी काही जुळणी केलेली की ओढ ठरावीक मर्यादेच्या वर गेला की पट्टा घसरतो आणि जादाचा जोर डायनामोपर्यंत पोचतच नाही. ना सेन्सर, ना वायर. मी आजोबांना तीनदा फिरवायला लावलं. भाचीला म्हटलं, तुमच्या सगळ्या कंट्रोलची खापरपणजी ही. ती म्हणाली, खापरपणजी अजून चालते तरी, माझा सिम्युलेशन काल रात्री बंद पडला.

विजेची साठवण कशी करायची हा प्रश्न तेव्हाही होता. ला कूर यांनी पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढले आणि त्या वायूंवर शाळेचे दिवे 1895 पासून काही वर्षं लावले. अधूनमधून स्फोट व्हायचे आणि आसपासच्या खिडक्यांच्या काचा फुटायच्या. आजोबांनी 'बूम' म्हणून दोन्ही हात असे उडवले की भाची दचकली. आज हरित हायड्रोजन म्हणून जे चाललंय ते इथे सव्वाशे वर्षांपूर्वी वर्गाच्या शेजारी चाललं होतं.

आणखी एक दुवा. ला कूर इथे खेड्यातल्या मुलांना वीजतंत्री बनवायचे वर्ग घ्यायचे. 1904 मधल्या विद्यार्थ्यांत योहानेस यूल नावाचा एक पोरगा होता. त्याच्याबद्दल शुक्रवारी.

बुधवार : ब्लोवानहूक आणि ट्विंड

डेन्मार्कच्या पश्चिम टोकाचं चौकोनी पांढरं दीपगृह. इथून दिवस स्वच्छ असेल तर हॉर्न्स रेव ही समुद्रातली वसाहत दिसते, 2002 ची, 80 चक्क्यांची. दिवस अजिबात स्वच्छ नव्हता. पाऊस आडवा येत होता. छत्री उघडल्या क्षणी उलटी झाली (छत्री आणूच नका, टोपीवालं जाकीट आणा). वर चढून काचेला नाक लावून बसलो आणि करड्या रंगाकडे बघत राहिलो. खाली वाळूत दुसऱ्या महायुद्धातले काँक्रीटचे बंकर, त्यातल्या काहींना कोणी शिल्पकाराने लोखंडी तोंड आणि शेपटी लावून खेचरं केलेली. पाऊस त्यांच्या कानांवरून ओघळत होता.

एवढ्या लांब आम्ही का आलो, तर एका फोटोमुळे. 12 फेब्रुवारी 2008 ला हवा अशी काही दमट आणि थंड होती की हॉर्न्स रेवच्या प्रत्येक चक्कीमागे धुक्याची शेपटी तयार झाली. ख्रिस्तियन स्टाइनेस यांनी हेलिकॉप्टरमधून तो फोटो घेतला. एरवी न दिसणारा वेक त्यात धडधडीत दिसतो. पहिल्या ओळीच्या मागे शेपटी, ती दुसरीच्या अंगावर, दुसरीची तिसरीच्या. भाचीच्या खोलीत तो भिंतीवर लावलेला आहे.

दीपगृहाच्या जिन्यात बसून तिने मला यॉ, म्हणजे चक्कीची मान वळवणं, समजावला. पुढच्या चक्कीने तोंड नेमकं वाऱ्याकडे न ठेवता वीसेक अंश तिरकं केलं, तर तिची स्वतःची वीज थोडी घटते, पण तिचा वेक बाजूला ढकलला जातो आणि मागचीला ताजा वारा मिळतो. बेरीज केली तर सगळ्या वसाहतीचा फायदा. पाटाच्या पाण्यासारखं आहे हे. मुखाजवळचा शेतकरी दारं पूर्ण उघडून बसला तर शेपटाकडच्याच्या वाट्याला चिखल. इथे कॉम्प्युटर पाटकरी आहे, आणि तो पहिलीलाच सांगतो, बाई, जरा कमी घे.

दुसरी युक्ती नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या लोकांनी 2020 मध्ये मांडली. प्रत्येक पात्याचा कोन आलटून पालटून किंचित बदलत ठेवायचा, म्हणजे वेक मळसूत्रासारखा पिळत जातो आणि लवकर विस्कटतो. विस्कटला की वरचा जोरदार वारा त्यात मिसळतो. फक्त पात्याच्या बुडाशी असलेलं बेअरिंग सारखं इकडेतिकडे होऊन झिजतं. वीज कंपन्या म्हणूनच हात आखडता घेतात.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. विचारलं, डेड टाइम किती? म्हणजे पहिलीने मान वळवली हे दुसरीला कधी कळणार? हॉर्न्स रेवमध्ये दोघींत 560 मीटर, वारा सेकंदाला आठ मीटर धरला तर 70 सेकंद, आणि वेकमधला वारा सुस्त असल्याने त्याहून जास्त. तेवढ्यात वाऱ्याची दिशा बदलली की केलेलं सगळं वाया, उलट वेक तिसरीच्याच अंगावर. एवढा डेड टाइम असलेला लूप मी परीक्षेत घातला असता तर पोरांनी मोर्चा काढला असता. वर्षभराचा हिशेब केला तर फायदा एक-दोन टक्क्यांच्या आसपास निघतो, तोही सगळं जुळून आलं तर. भाचीला वाटलं मी हसेन. पण मोठ्या वसाहतीचा एक टक्का म्हणजे न उभारता मिळालेली चक्की.

उतरायच्या बेताला पाऊस थांबला आणि क्षितिजावर पेन्सिलने ओढल्यासारख्या रेघा उमटल्या. मोजायला लागेपर्यंत पुन्हा गेल्या.

दुपारनंतर उत्तरेला उल्फबोर्ग. गावाबाहेर ट्विंड शाळेची चक्की लाल-पांढऱ्या रंगात लांबूनच दिसते. शिक्षक, विद्यार्थी आणि हौशी लोकांनी 1975 ते 1978 अशी तीन वर्षं राबून बांधली. पात्यांचं वर्तुळ 54 मीटर, त्या वेळी जगातलं सर्वांत मोठं. त्या शाळासमूहावरून पुढे बरेच वाद आणि खटले झाले, ते वेगळं पुराण. चक्की मात्र अजून फिरते. हिचा वेग वाऱ्याप्रमाणे बदलता, पाती कोन बदलणारी, म्हणजे आजच्या अजस्र चक्क्या ज्या रीतीने चालतात तीच रीत. बाकी डेन्मार्क तेव्हा ठरावीक वेगाच्या, न वळणाऱ्या पात्यांच्या चक्क्या करत होतं. पायथ्याशी उभं राहिलं की प्रत्येक पातं मनोऱ्यामागून जाताना एक 'वूप' येतो. पाती मनोऱ्याच्या आडोशाला आहेत, वाऱ्याकडे नाहीत, म्हणून. मनोरासुद्धा वेक टाकतोच.

गुरुवार : ओस्टरिल्ड

टिस्टेडच्या पुढे जंगल आणि दलदल, आणि त्यात एकदम मानेला कळ येईल इतक्या उंच चक्क्या. डीटीयू चालवतं ते हे मोठ्या चक्क्यांचं चाचणी केंद्र, 2012 पासूनचं. कंपन्या आपले पहिले नमुने इथे आणून उभे करतात. 236 मीटर वर्तुळाच्या, 15 मेगावॅटच्या व्हेस्टास कंपनीच्या चक्कीने पहिली वीज इथेच दिली, डिसेंबर 2022 मध्ये. तिचं एक पातं साडेएकशेपंधरा मीटर. कालची ट्विंडची चक्की पात्यांसकट हिच्या एका पात्याच्या लांबीत मावली असती.

सगळ्या एका ओळीत, उत्तर-दक्षिण. वारा बहुतेक पश्चिमेचा. त्यामुळे कोणीच कोणाच्या वेकमध्ये येत नाही. प्रत्येकीच्या पुढे पश्चिमेला मोजमापाचा एक सडपातळ खांब, चक्कीला लागायच्या आधीचा वारा मोजणारा. परीक्षा घ्यायची तर बाक लांब लांब ठेवायचे, तसलंच. म्हणून इथे मिळालेले आकडे एकटीचे. समुद्रात शंभर जणींत ती कशी वागेल ते इथे कळत नाही. भाची मला इथे मुद्दाम घेऊन आली होती ते याचसाठी.

माहिती केंद्रात आमच्याशिवाय एक डॅनिश आजी-आजोबांची जोडी होती. आजी म्हणाल्या, आमचं घर इथून दिसतं, रात्री लाल दिवे लागतात ते मला आवडत नाहीत. आजोबा म्हणाले, मला आवडतात. त्यावर दोघांचं जे डॅनिशमध्ये सुरू झालं ते आम्ही निघेपर्यंत चालू होतं.

टिपा एवढ्याच की गाडी हवीच, बसवर विसंबू नका. खायचं बरोबर न्या, जवळपास काही नाही. जवळच क्लिटमोलर आहे, लाटांवर फळ्या घेऊन उड्या मारणाऱ्यांचं गाव. ज्यांना चक्क्यांत रस नाही अशा नातेवाइकांना तिथे सोडता येईल. वारा तोच.

शुक्रवार : टांगे

गुडेनो नदीवरच्या जुन्या जलविद्युत केंद्राशेजारी ऊर्जा संग्रहालय आहे. तिथे गेडसरची चक्की ठेवलेली आहे, म्हणजे तिची पाती आणि वरची पेटी. योहानेस यूल यांची, 1957 मधली, 200 किलोवॅट, तीन पाती एकमेकांना तारांनी बांधलेली. वारा फार वाढला की पात्यावरून तो आपोआप सुटायचा आणि चक्की आपसूक मर्यादेत राहायची. पात्यांची टोकं ब्रेक म्हणून वळायची. जवळजवळ दहा वर्षं फारशी कुरकुर न करता चालली. नंतर तेलाचं संकट आल्यावर अमेरिकेच्या नासाने मोजमापं घ्यायला हिलाच पुन्हा सुरू करायला लावलं. रिसोच्या त्या ब्रेकच्या अटीमागे हिची टोकं आहेत.

यूल यांनी हात न लावता चालेल अशी चक्की केली. आता प्रत्येक पात्याला वेगळी मोटर आणि सगळ्या वसाहतीला एक मेंदू. पाऊण तास मी त्या टोकांभोवती घुटमळले. संग्रहालयाचं बाकी काहीच बघितलं नाही, ते चांगलं आहे म्हणे. दालचिनीचा गोल पाव घेतला, गाडी ओर्हुसला परत केली, ट्रेन पकडली.

शनिवार : कोपनहेगन

अमागरच्या किनाऱ्यावर लोक थंडगार पाण्यात पोहत होते आणि समोर मिडलग्रुंडनच्या 20 चक्क्या, बाकदार ओळीत. 2000 मध्ये उभ्या राहिल्या. निम्म्या वीज कंपनीच्या आणि निम्म्या हजारो सामान्य भागधारकांच्या सहकारी संस्थेच्या. देखणी ओळ आहे, पण चक्क्या फार जवळ, वर्तुळाच्या अडीचपटीहूनही कमी अंतर. वारा पश्चिमेचा असेल तोवर काही बिघडत नाही. दक्षिणेचा किंवा उत्तरेचा आला की सगळ्या एकामागे एक. येन्सनच्या सूत्रात आकडे घातले तर दुसरीला वारा 36 टक्के कमी आणि वीज पहिलीच्या जेमतेम पाव. त्या सकाळी वारा दक्षिणेचा होता. दुर्बिणीतून दक्षिण टोकाची चक्की तालात फिरताना दिसत होती आणि तिच्या मागची रेंगाळत होती.

मी भाचीला विचारलं, अशी ओळ असली आणि पुढच्या चक्क्या एकाच्या, मागच्या दुसऱ्याच्या असल्या, तर पुढचीने मान तिरकी का करायची? नुकसान हिचं, फायदा तिचा.

"तो कंट्रोलचा प्रश्न नाही, मावशी, कराराचा आहे," ती म्हणाली. "आमच्या मॉडेलमध्ये मालक एकच असतो."

"मग घाल की दोन."

तिने फोन काढून काहीतरी टिपून ठेवलं. मिडलग्रुंडनला होडीने जवळ नेणाऱ्या सहली गटांसाठी असतात, सहकारी संस्थेला आधी विचारावं लागतं. आम्हाला जागा मिळाली नाही. तुम्ही जाल तर दक्षिणेच्या वाऱ्याचा दिवस निवडा.